चौदा तारखेचा लिफाफा

३ तारीख, सोमवार

शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी केल्या. जन्मतारखा, गैरहजेऱ्या, दाखले. आज स्वतःची नोंद करायला बसले तर पहिल्याच ओळीला पेन अडलं. तरी लिहिते, कारण आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे. आमचा धाकटा नगराध्यक्ष झाला.

परवापर्यंत औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून लोकांना खोकल्याची बाटली हलवून दाखवणारा माणूस! आता दुकान भावजय बघणार. मी त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून त्याची ताई मी आणि आईही मीच. सभागृहात मला पहिल्या रांगेत बसवलं होतं.

भाषण त्याने सांगितलं आणि मी उतरवून दिलं. चष्मा लावला की आपण म्हातारे दिसतो असं त्याला वाटतं, म्हणून मी पहिलीच्या पोरांसाठी फळ्यावर काढतात तशी टपोरी अक्षरं काढते, एका ओळीत चार-पाच शब्द. पण शेवटचं वाक्य माझ्या कागदात नव्हतं. कागद खाली ठेवून तो म्हणाला, "ही खुर्ची मला देवाने दिली आहे. मी फक्त त्याचा सेवक." टाळ्या थांबेनात. माझ्या डोळ्यांना धार लागली. लहानपणी प्रार्थनेला बस म्हटलं की खिडकीतून उडी मारून पळणारं हे पोर!

परत येताना म्हटलं, "खुर्ची तर मतांनी दिली ना रे?"

तो हसला. "ते वाक्य इस्त्रीने सुचवलं, ताई. बसलं की नाही मस्त?"

इस्त्री म्हणजे त्याचा सचिव. त्याच्या शर्टाला कधी सुरकुती दिसत नाही म्हणून भावजयीने ठेवलेलं नाव.

कुणी का सुचवेना, तोंडी देवाचं नाव आलं. आई असती तर साखर वाटली असती.

७ तारीख, शुक्रवार

आज खालच्या वस्तीत नळ सुरू झाले. निवडणुकीत त्याने हाच एक शब्द दिला होता आणि चार दिवसांत पाळला. खरं तर पाइप आधीच टाकून झाले होते, चावी तेवढी फिरवायची होती, पण ती मागचे दोन नगराध्यक्ष फिरवू शकले नव्हते.

पहिला पेला धाकट्याने सगळ्यांसमोर प्यायला. दुसरा घंटावालीला दिला. घंटावाली म्हणजे आमच्या शाळेची शिपाईण. तिचं नाव मस्टरवर होतं, पण शिक्षकांपासून पोरांपर्यंत सगळे तिला घंटावालीच म्हणत. ती खालच्या वस्तीत राहते. तीस वर्षं चढावरून बादल्या वाहिल्या तिने, एक खांदा दुसऱ्याहून दोन बोटं खाली गेलाय. पेला हातात घेऊन ती रडलीच. मला म्हणाली, "बाई, घरात पाणी वाजतंय बघा." वाजतंय म्हणाली. तो शब्द डोक्यातून जाईना.

पंपघराच्या भिंतीवर इस्त्रीने निळ्या रंगात हातभर अक्षरं काढून घेतलीत: देवाचं देणं. धाकटा भाषणात म्हणाला, "हे पाणी मी आणलेलं नाही. हे देवाने तुम्हाला दिलंय." पाणीखात्याची इंजिनियर बाजूला उभी होती. जाड चष्मा, चिखलाचे बूट. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. ती मधेच म्हणाली, "साहेब, जुन्या गटाराजवळचा जोड अजून तपासायचाय," आणि त्याच वेळी बँड सुरू झाला.

११ तारीख, मंगळवार

दुपारी दुकानात जाऊन बसले. भावजयीला जेवायलाही फुरसत नव्हती. जुलाबावर देतात ती मीठ-साखरेची पाकिटं संपली म्हणाली, दुसरा खोका मागवलाय. ऊनही काय पडलंय यंदा. माणसं रस्त्यावरचं काहीबाही खातात.

१४ तारीख, शुक्रवार

आजचा दिवस जपून ठेवावा असा.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती चष्मेवाली इंजिनियर घरी आली. हातात तपकिरी लिफाफा. मी चहा विचारला तर नको म्हणाली. धाकट्याच्या खोलीचं दार लावून दोघं बोलत बसले, वीस मिनिटं तरी. ती गेली तेव्हा मला नमस्कार करायलाही विसरली.

मग धाकटा बाहेर आला. मी नेहमीप्रमाणे खिडकीपाशी प्रार्थनेला बसले होते. तो आला आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसला. चोपन्न वर्षांचा माणूस, मांडी घालता येत नव्हती धड. डोळे मिटले. त्याचा हात माझ्या हाताला लागला, तो गार होता. किती वेळ बसला! मी आधी उठले, तो बसूनच होता.

मी देवाला म्हटलं, आता मला आणखी काही नको.

१५ तारीख, शनिवार

सकाळी इस्त्री कॅमेरा घेऊन हजर. नगराध्यक्ष आपल्या थोरल्या बहिणीसोबत प्रार्थना करतात, असा फोटो हवा. मी म्हटलं, माझी प्रार्थना सहाला झाली. तो म्हणाला, "बाई, एकदाच परत डोळे मिटा." मिटले. मग म्हणाला, मान जरा डावीकडे. केली. नंतर उगीचच तोंड धुतलं.

१६ तारीख, रविवार

भावजय आता पाणी उकळून, गाळून ठेवते. परवा धाकट्यानेच बजावलं म्हणे. उकळलेल्या पाण्याला चव म्हणून नाही. मी नळाचाच पेला भरायला गेले तर तिने माझ्या हातातून काढून घेतला. एरवी ती माझ्याशी अशी कधी वागत नाही. विचारलं तर म्हणाली, "ताई, एवढं ऐका माझं."

तिचीही तब्येत बरी नसावी. चेहरा ओढलेला दिसतो.

१९ तारीख, बुधवार

नगरपालिकेच्या सभेला प्रेक्षकांच्या बाकावर बसून होते. सभा आता प्रार्थनेने सुरू होते. एक वकीलबाई आहे, विरोधी बाजूची. प्रार्थना चालू असताना ती खाली बघून आपले कागद लावत होती. मला राग आला तिचा. मग ती उठली आणि म्हणाली, "खालच्या वस्तीत आठ दिवसांत शंभरावर लोक पोटाने आजारी आहेत. नळाच्या पाण्याची तपासणी झाली आहे का?"

धाकटा उभा राहिला. आवाज इतका शांत की मला अभिमान वाटला. "ताईसाहेब, ज्या पाण्याला गोरगरीब देवाचं देणं म्हणतात, त्यावर संशय घ्यायला माझी जीभ धजत नाही. तुम्हीही विश्वास ठेवून बघा." सगळ्या सभागृहाने बाकं वाजवली. मीही टाळ्या वाजवल्या. वकीलबाई उभी होती, मग बसली.

घरी येताना बसमध्ये जुन्या सवयीने मनातल्या मनात इतिवृत्त लिहीत होते. पालकसभेचं लिहायचे तसं, डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. डावीकडे लिहिलं: तपासणी झाली आहे का? उजवीकडे काय लिहावं ते सुचेना. हो म्हणाला की नाही म्हणाला? इतक्या जवळ बसून ऐकलं, आणि आठवेना.

म्हातारपण, दुसरं काय.

२२ तारीख, शनिवार

घंटावाली सरकारी दवाखान्यात आहे. कळलं तशी निघाले.

वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या घातल्यात. घंटावाली उशीत अशी रुतली होती की आधी ओळखलीच नाही. बोलायचं त्राण नाही, तरी म्हणाली, "बाई, शाळा सुटली की काय लवकर?" तिला वाटलं मी कचेरीतून आलेय. मी हो म्हटलं.

शेजारच्या खाटेवर पाच-सहा वर्षांची मुलगी होती. ओठ कोरडे, डोळे अर्धे उघडे. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावते. बोटांना सुया टोचून टोचून कडक घट्टे पडलेत, त्याच बोटांनी ती मुलीच्या ओठांवर पाण्याचे थेंब सोडत होती. मला म्हणाली, "अठराला संध्याकाळी खेळून आली आणि आडवी झाली. सतराला शाळेत गेली होती, व्यवस्थित."

मी म्हटलं, "देव बरं करेल."

"हो," ती म्हणाली. सगळेच तिला तेच सांगत असणार.

नर्स प्रत्येक नव्या माणसाला एकच विचारत होती, "पाणी कुठलं?" आणि लिहून घेत होती. खालची वस्ती. खालची वस्ती. खालची वस्ती.

२३ तारीख, रविवार

धाकट्याला म्हटलं, "दवाखान्यात एकदा जाऊन ये."

"जाईन."

"एवढी माणसं कशाने रे आजारी पडली?"

"उन्हाने, ताई." माझ्याकडे न बघता म्हणाला. मग पुन्हा, "ऊन फार आहे." तेवढ्यात भावजय ताटावरून उठून आत गेली.

२४ तारीख, सोमवार

मुलगी गेली. सकाळी सातला.

२५ तारीख, मंगळवार

काल एका ओळीपुढे लिहवलं नाही. आज सगळं लिहिते.

दुपारी धाकटा घाईघाईने आला. येत्या रविवारी मैदानावर सार्वजनिक प्रार्थना ठेवलीय, संकट टळावं म्हणून. सगळं गाव येणार. भाषणाचा कच्चा कागद माझ्या हातात देऊन म्हणाला, "उतरवून दे. आणि ताई, प्रार्थना तू सांगशील? लोकांना तुझ्याबद्दल आदर आहे."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. लपवण्यात अर्थ नाही, मला बरं वाटलं होतं.

मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. गॅसवर मोठं पातेलं खदखदत होतं. दहा दिवस रोज बघतेय ते पातेलं. आज बघितलं आणि त्याच्यासमोर उभीच राहिले. उन्हाने माणसं आजारी पडतात म्हणणाऱ्याने घरात पाणी का उकळायला लावलं?

भावजयीला विचारलं. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. मग म्हणाली, "चौदाला ती इंजिनियर लिफाफा घेऊन आली होती ना, त्यात पाण्याचा अहवाल होता. दुकानाच्या खणात ठेवलाय त्यांनी. मी वाचला. ताई, मी रोज सुटी पाकिटं देताना सांगते लोकांना, पाणी उकळून प्या. हळूच सांगते. पण सगळे थोडेच दुकानात येतात?" आणि फडकं तोंडावर धरून रडली.

मी बाहेर आले. "चौदाला काय आणलं होतं तिने?"

तो समजला. बसला. "गटाराचं पाणी पाइपात शिरतंय. जुन्या जोडाजवळ."

"आणि तू काय केलंस?"

"दुरुस्त करायला सांगितलं."

"नळ बंद केलेस?"

त्याने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"अरे, तू औषधवाला आहेस! तुला मी शिकवायचं, जुलाब कशाने होतात ते?"

"ओरडू नकोस. नळ बंद करायचे म्हणजे रस्ता उकरायचा, सगळ्यांना सांगायचं. भिंतीवर काय लिहिलंय वाचलंस ना? देवाचं देणं! आता कुठल्या तोंडाने सांगू की त्यात मैला आहे?"

"ज्या तोंडाने पहिला पेला प्यायलास त्याच तोंडाने."

तो उठून खिडकीपाशी गेला. मग हळू म्हणाला, "ताई, तुला माहीत नाही ते. लोकांना एक कारण दिलं की ते दुसरा प्रश्न विचारतात. दुसऱ्याचं उत्तर दिलं की तिसरा. देवाचं नाव घेतलं की कोणी काही विचारत नाही."

"म्हणूनच ते असं घ्यायचं नसतं रे."

"मी खरंच मागतोय गं त्याच्याकडे. रोज. ते आपोआप थांबू दे म्हणून." त्याचे ओठ थरथरत होते, लहानपणी पाटी फुटली की थरथरायचे तसे. तो खोटं बोलत नव्हता. चौदा तारखेला माझ्या शेजारी बसला तेव्हाही तो हेच मागत असणार. आणि मी त्याच्या बाजूला बसून आनंदाने फुलून गेले होते.

मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. एक ठेवूनही द्यावीशी वाटली. दोन्ही केलं नाही.

२७ तारीख, गुरुवार

पंपघरावर जाऊन आले. घरच्या माणसाने सांगितलेलं असलं तरी परक्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय माझं मन मानेना.

इंजिनियर पायरीवर बसून डबा खात होती. मला बघून उठली. मी कोण हे तिला माहीत होतं, त्यामुळे आधी सावकाश डबा बंद केला. मग तिने मला शंभर पावलं चालवत नेऊन जागा दाखवली. वरून जुनं गटार, खालून नवा पाइप, मधे हातभर माती, तीही ओली. काही बघण्यासारखं नाही, नाकाला मात्र कळतं.

"दोन दिवस बंद केलं तर होईल?" मी विचारलं.

"फार तर तीन. मी गेल्या आठवड्यात स्वतःच्या जबाबदारीवर चावी बंद करायला आले होते." तिने मागे भिंतीकडे मान वळवली. "वस्तीतलीच माणसं आडवी आली. म्हणाली, देवाच्या देण्याला हात लावणारी तू कोण? आजारी पोरांचे बाप होते त्यात. मी त्यांना काय सांगणार? नगराध्यक्षांनी सांगितलं तर ऐकतील."

"तुमचा विश्वास नाही का देवावर?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे.

ती जराशी हसली. "आहे की. म्हणून तर त्याच्यावर गटाराचं खापर फोडवत नाही."

एवढी वर्षं माझी समजूत होती की देव न मानणाऱ्यांनाच असल्या गोष्टी खुपतात.

२९ तारीख, शनिवार

भाषण उतरवलं. सकाळपासून बसले होते, सात कागद फाडले.

धाकट्याला म्हटलं, प्रार्थना मी सांगणार नाही. तो म्हणाला, ठीक आहे, इस्त्री दुसरं कुणी बघेल. नगराध्यक्षपद सोड, असं मला म्हणायचं नव्हतं. खालच्या वस्तीत पाणी त्यानेच नेलं, हेही खरंच आहे. दोन नगराध्यक्षांना जमलं नव्हतं. हेच मला जास्त लागतं. चांगलं काम होतं, साधं काम होतं. पाणी आणलं एवढंच म्हणाला असता, तर पाणी बिघडलं असंही म्हणता आलं असतं.

पहिलं पान त्याने सांगितलं तसंच ठेवलं. दुसऱ्या पानावर, वर, दोन वाक्यं माझी घातली.

३० तारीख, रविवार

सकाळी कागद त्याच्या हातात दिले. म्हटलं, "आधी वाचून घे." त्याने घडी घालून खिशात टाकले. तो कधीच आधी वाचत नाही, मला ठाऊक होतं. वाचून घे म्हणाले हे खरं, आणि वाचणार नाही हे ठाऊक होतं हेही खरं. मी त्याला फसवलं का? कदाचित फसवलं. लिहून ठेवते.

मैदान भरलं होतं. खालच्या वस्तीतली माणसं पुढे बसली होती, मुलीची आईही होती. कडेला पाण्याची पिंपं ठेवली होती, नळावरूनच भरलेली. प्रार्थना झाली. मी डोळे मिटले नाहीत, पिंपांकडे बघत होते.

धाकटा उठला. पहिलं पान वाचलं: संकट, श्रद्धा, एकजूट. पान उलटलं. थांबला.

दुसऱ्या पानावर मी लिहिलं होतं: खालच्या वस्तीतल्या नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. त्यात गटाराचं पाणी मिसळतंय, हे मला चौदा तारखेपासून माहीत आहे.

तो माझ्याकडे बघत होता. एवढ्या माणसांत त्याने मला नेमकं शोधलं. मी नजर हलवली नाही. इस्त्री बाजूने हाताने खुणा करत होता, पुढे चला, पुढे चला. ती दोन वाक्यं सोडून पुढचं वाचणं त्याच्या हातात होतं. दोन-तीन मिनिटं गेली असं वाटलं, पण क्षणभरच असेल.

त्याने खिशातून चष्मा काढला. माझी अक्षरं त्याला चष्म्याशिवाय दिसतात, तरी काढला, लावला आणि वाचलं, "खालच्या वस्तीतल्या नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका." कागद दोन्ही हातांनी धरला. "त्यात गटाराचं पाणी मिसळतंय."

पुढचे शब्द वाचले नाहीत. चौदा तारीख तो बोलला नाही. कागद मिटले आणि आपल्या शब्दांत म्हणाला, "नळ आत्तापासून बंद. टँकर येतील. ती पिंपं ओतून द्या."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक आवाज आला, "म्हणजे देवाने घाण पाणी दिलं का?" आणि दुसरा, "ते देवाने नाही दिलं, तुम्ही दिलंत!" मग इतके आवाज की एकही कळेना. पिंपं ओतायला पहिली ती इंजिनियरच पळाली.

२ तारीख, मंगळवार

दुकानाची काच फुटली. भावजयीला लागलं नाही. लोकांचा राग चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही. इस्त्री काल दुसऱ्या गटाकडे गेला. आता तिकडची भाषणं सुचवेल.

धाकटा माझ्याशी बोलत नाही. एकाच टेबलावर जेवतो, मीठही भावजयीकडून मागतो.

६ तारीख, शनिवार

जोड सापडला, दुरुस्त झाला. अडीच दिवस लागले. घंटावालीला घरी सोडलं, काठी घेऊन चालते. भिंतीवरची अक्षरं वस्तीतल्याच कुणीतरी चुना मारून पुसली. वकीलबाईने सभेत विचारलं, अहवाल कधी मिळाला होता? धाकट्याने उत्तर न देता राजीनामा दिला. घरी येऊन खोलीत गेला.

मला वाटलं होतं मी बरोबर केलं म्हणून शांत झोप लागेल. लागत नाही. तो आत आहे, मी बाहेर, आणि मधलं दार लावलेलं. शब्द त्याच्या तोंडात मी घातले, शिव्या तो खातोय. आणि त्या मुलीचं काय, हे तर कुठल्याच बाजूला मांडता येत नाही.

९ तारीख, मंगळवार

आज तो दुकानात उभा राहिला. निघताना दारात थांबून म्हणाला, "ताई, माझा चष्मा कुठे आहे?" दहा दिवसांतलं पहिलं वाक्य. मी शोधून दिला.

१३ तारीख, शनिवार

सकाळी दुकानात होते, भावजयीला फडताळं आवरू लागत होते. धाकटा काउंटरमागे चिठ्ठी वाचून गोळ्या काढत होता. नऊ वाजून गेले असतील. मुलीची आई पायऱ्या चढून आली.

दोन-तीन गिऱ्हाइकं होती. ती रांगेत उभी राहिली, आपला नंबर येईपर्यंत. नंबर आल्यावर काउंटरवर दोन्ही हात टेकवून म्हणाली, "मला औषध नको. एक विचारायचंय. तुम्हाला कधी कळलं होतं?"

आवाज चढवला नव्हता. दुकानात सगळं थांबलं. भावजयीच्या हातात बरणी होती, ती तशीच हवेत राहिली. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: बाई, देवाच्या मनात जे असतं. खरंच सांगते, जिभेवर आलं होतं. भावाला वाचवायला आलं होतं आणि तेच तोंडात बसलं होतं, चांगलं सवयीचं. मी ते गिळलं.

धाकट्याने चष्मा काढला, परत लावला.

"चौदा तारखेला," तो म्हणाला. "संध्याकाळी पाच वाजता. अहवाल माझ्या हातात होता."

तिने बोटांवर मोजलं. पंधरा, सोळा, सतरा. "माझी अठराला आजारी पडली."

"हो."

"म्हणजे सांगितलं असतंत तर—"

"हो," तो म्हणाला. पुढे काही बोलला नाही. माफी शब्दही नाही. मला वाटतं तो त्याला फार छोटा वाटला असावा. नुसता तिच्यासमोर उभा राहिला, मान खाली न घालता.

ती बघत राहिली. मला वाटलं आता मारेल त्याला. मारलं असतं तर मी मधे पडले नसते. मग ती म्हणाली, "एवढंच विचारायचं होतं," आणि वळली.

मी तिच्या मागोमाग पायऱ्या उतरले. कोपऱ्यापर्यंत नुसती बरोबर चालत राहिले. तिथे ती थांबली.

"एवढे दिवस जो येतो तो मला देवाची इच्छा सांगतो," ती म्हणाली. "तारीख कुणी सांगत नव्हतं."

पदराने तिने तोंड पुसलं, कारखान्याच्या घड्याळाकडे बघितलं आणि भराभर निघाली. तिची पाळी साडेनऊला सुरू होते.